बारा मिनिटं हात वर धरवेल तीच अँटेना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात आपल्या अंकात एक चौकट आली होती : अंतराळ स्थानक आज संध्याकाळी पुण्याच्या आकाशात. खाली वेळ आणि दिशा. अशा चौकटी आपण अधूनमधून छापता आणि आमच्याकडे त्या कापून फ्रिजवर चिकटवल्या जातात, तेव्हा आधी आभार मानते. पण त्या संध्याकाळी पाऊस कोसळत होता. आमच्या विंगमधला आठवीतला मुलगा छत्री घेऊन गच्चीवर जाऊन आला आणि ओल्या कात्रणासकट आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "आजी, काहीच दिसलं नाही." मी म्हटलं, "दिसणार नाहीच रे, पण ऐकू आलं असतं." त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेमुळे हे पत्र लिहिते आहे. आणि दुसरं कारण, त्याच चौकटीतलं शेवटचं वाक्य : उपग्रहांशी संपर्क साधायला मोठी डिश आणि महागडी यंत्रणा लागते.

नाही हो लागत. मोठ्या डिश खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30. त्या आकाशगंगा ऐकायला लागतात. अंतराळ स्थानक डोक्यावर येतं तेव्हा आपल्यापासून साधारण 400 किलोमीटरवर असतं. पुण्याहून नागपूर त्याहून लांब आहे.

माझी ओळख अशी की मी टेलिफोन खात्यात 37 वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची ट्रंक ऑपरेटर म्हणून. "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणायचे असं घरचे सांगतात. 2016 साली निवृत्त झाले आणि त्याच वर्षी हॅम रेडिओचा, म्हणजे हौस म्हणून बिनतारी संचावरून बोलण्याचा, परवाना मिळाला. त्या वर्षी जूनमध्ये आपल्या शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी बनवलेला 'स्वयम्' हा किलोभर वजनाचा उपग्रह पीएसएलव्ही-सी34 मधून वर गेला होता. तो हॅम मंडळींनी एकमेकांना निरोप धाडावेत म्हणूनच बनवलेला. त्याआधी 2005 मध्ये इस्रोनं खास हॅम लोकांसाठी सोडलेला 'हॅमसॅट' मला मात्र कधीच भेटला नाही. 2014 च्या जुलैत त्याची बॅटरी गेली आणि मी परवाना घेऊन उभी राहिले तेव्हा तो गप्प होऊन दोन वर्षं झाली होती.

आमच्या सोसायटीनं मला गच्चीवर अँटेना लावू दिली नाही. कारण दिलं, रेडिएशन. त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर आहे आणि त्याचं भाडं सोसायटीच्या खात्यात जमा होतं, ते रेडिएशन बहुधा वेगळ्या जातीचं असावं. असो. त्या नकारामुळे मी हातात धरायच्या अँटेनांकडे वळले आणि आज म्हणते, बरं झालं. तळजाईवर भेटणारे लोक मला हमखास विचारतात, "अँटेना कोणती घ्यावी?" दर वेळी उत्तर देताना पास निघून जातो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पास म्हणजे उपग्रह आपल्या एका क्षितिजावर उगवून दुसऱ्यावर मावळेपर्यंतचा वेळ. स्थानकाचा दहा मिनिटांच्या आसपास, जरा उंचावरच्या उपग्रहांचा बारा-चौदा. ट्रंक कॉलपेक्षा लांब, पण यात वाढवून मिळत नाही. या वेळात डाव्या हातात हँडसेट (हातात मावणारा रेडिओ), उजव्या हातात अँटेना, कानात इअरफोन, आणि नजर जिथे काहीच दिसत नाही अशा जागी. आमचे हे माझ्या बाजूला मोबाइल धरून उभे असतात आणि सांगतात, "आता पर्वतीच्या थोडं वर. आता सरळ वर." गेल्या काही वर्षांत आमची भांडणं बरीच कमी झाली आहेत, कारण रोज बारा मिनिटं मी त्यांचं ऐकते.

पहिली चूक सगळे करतात ती मीही केली. हँडसेटबरोबर येणारी रबरी अँटेना काढून लांब, खेचता येणारी दांडी लावली आणि बोटानं चंद्र दाखवावा तशी ती उपग्रहाच्या दिशेनं रोखली. आवाज गेला. दांडीच्या टोकाच्या दिशेला ती जवळपास बहिरी असते. ती उपग्रहाशी आडवी, काटकोनात धरायची असते. उपग्रह डोक्यावर असेल तेव्हा दांडी जमिनीला समांतर हवी. एवढं एक कळलं तरी स्थानकाचा आवाज नुसत्या दांडीवर मिळतो. ज्यांना फक्त ऐकून बघायचं आहे त्यांनी इथेच थांबावं, पुढचा खर्च करू नये. 145.800 मेगाहर्ट्झवर स्थानकावरून कधीकधी चित्रं पाठवतात. रेडिओतून किरकिर ऐकू येते, मोबाइलवरचं ॲप ती किरकिर ऐकून दोन मिनिटांत चित्र काढून देतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक चित्र असं उतरलं आहे, खालच्या एक तृतीयांश भागात नुसत्या रेघा. तिथे कुकरची शिट्टी झाली होती.

उपग्रहामार्फत दुसऱ्या हॅमशी बोलायचं असेल तर मात्र दांडी पुरत नाही. आपला हँडसेट 5 वॅटचा, तो एक वेळ पोचतो. पण वरून येणारा आवाज फार बारीक. 2002 च्या डिसेंबरात गेलेला सौदीचा एसओ-50 हा उपग्रह पाव वॅटवर बोलतो. पाव वॅट! देवापुढच्या झीरोच्या दिव्याला याहून जास्त लागतं. शिवाय तो क्षितिजावर असतो तेव्हा डोक्यावरच्या अंतरापेक्षा चौपट-पाचपट लांब असतो. म्हणून यागी अँटेना लागते. गच्चीवर दूरदर्शनसाठी लावायचो तीच जात, मधला दांडा, म्हणजे बूम, आणि त्यावर आडव्या काड्या.

आणि इथे माझी दुसरी चूक, जी महागात पडली. जास्त काड्या म्हणजे जास्त ताकद, हे ऐकून मी भाच्याकरवी परदेशातून एक लांबलचक यागी मागवली. ताकद होती, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा माझा उजवा खांदा फ्रोझन शोल्डरनं आखडलेला. अँटेना हाताच्या पुढे वजन टाकणारी, त्यात टेकडीवरचा वारा. चौथ्या मिनिटाला ती खाली यायला लागायची, आणि उपग्रह नेमका तेव्हाच वर चढत असायचा. वजनापेक्षा मोठी गोष्ट मला नंतर उमगली : जितक्या काड्या जास्त, तितकी तिची नजर अरुंद. स्थानक डोक्यावरून जाताना एका मिनिटात आकाशाचा एवढा मोठा तुकडा ओलांडतं की अरुंद नजरेच्या अँटेनेनं त्याचा पाठलाग करणं म्हणजे सुईच्या भोकातून चिमणी बघणं. मला उपग्रह पक्का सापडायचा फक्त क्षितिजावर, आणि तिथे तर सिंहगड-कात्रजच्या डोंगरांची कड आडवी. ती अँटेना आता माळ्यावर आहे.

परदेशात दोन तयार अँटेना हॅम लोकांच्या हातात जास्त दिसतात. एक 'ॲरो', एकाच बूमवर दोन मीटर बँडच्या (145 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) 3 काड्या आणि 70 सेंटिमीटर बँडच्या (436-437 च्या आसपासचा) 7 काड्या, एकमेकींना काटकोनात. दुसरी 'एल्क', लॉग पिरिऑडिक जातीची, 5 काड्या आणि दोन्ही बँडना मिळून एकच केबल. दोन्हींवर जगभर माणसं बोलतात. घ्यायची असेल तर मी एवढंच सुचवेन की आधी कोणाची तरी हातात धरून पाहा, आणि धरायची ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बारा मिनिटं. दुकानात नुसती उचलून बघितलेली कुठलीही वस्तू हलकीच वाटते. भाजीची पिशवी आठवा.

तोपर्यंत घरी बनवता येते ती सांगते.

दोन मीटर बँडसाठी मोजपट्टीची यागी. सुताराची पिवळी स्टीलची टेप असते ना, इंचभर रुंद, तिच्याच काड्या. मागची काडी 105 सेंटिमीटर, मधली 45-45 चे दोन तुकडे, पुढची 89. बेरीज करून बघा, 3 मीटरची टेप पुरते आणि 16 सेंटिमीटर उरतात. आमच्या ह्यांची टेप कापली तेव्हा ते उरलेले 16 त्यांना परत दिले. बूम म्हणून इलेक्ट्रिक फिटिंगचा पीव्हीसी पाइप, मागच्या आणि मधल्या काडीत 20 सेंटिमीटर अंतर, मधल्या आणि पुढच्या काडीत 32. काड्या पाइपला आवळायला गॅसच्या नळीला लावतात तसल्या स्टीलच्या क्लिपा. टेपचा पिवळा रंग पॉलिश पेपरनं पार खरवडून स्वच्छ स्टील दिसल्याशिवाय सोल्डरिंगचा डाग बसत नाही. आणि छोटं 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न घेऊन बसाल तर तासभर बसाल, पट्टी सगळी उष्णता खाऊन टाकते. मधल्या दोन तुकड्यांना जोडणारी तारेची एक छोटी कमान असते, आकड्यासारखी, तिच्याशिवाय केबल आणि अँटेनेचं जुळत नाही. कापलेल्या टेपच्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळायची. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

70 सेंटिमीटर बँडसाठी मला काड्या सापडेनात. तपकीर गल्लीत वायर, केबल, कनेक्टर सगळं मिळालं, बोहरी आळीत अ‍ॅल्युमिनियमचे गज मिळत होते पण अख्खा गज घ्या म्हणाले. घरी आले, लोकरीची टोपली समोर होती, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या सुया. 35 सेंटिमीटरच्या! या बँडची अर्धी तरंगलांबी साडेचौतीस सेंटिमीटरच्या आत-बाहेर. दोन जोड्या म्हणजे चार सुया, टोकाची बटणं कापून मागची 34 ची ठेवली, पुढच्या तीन 32 ते 30 पर्यंत उतरत्या. अ‍ॅल्युमिनियमला डाग लागत नाही, म्हणून केबल जिथे जोडायची ती काडी तेवढी जाड तांब्याच्या तारेची. अर्धवट राहिलेला नातीचा स्वेटर अर्धवटच आहे.

दोन्ही अँटेना एकाच पाइपवर, पण एकमेकींना काटकोनात बसवायच्या, म्हणजे एकीचा दुसरीला त्रास कमी. आणि पाइप मागच्या बाजूला हातभर जास्त ठेवायचा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, खांद्यानं सांगितली. मागचं टोक काखेत धरलं की वजन खांद्यावरून कुशीवर येतं, आणि मनगट मोकळं राहतं. मनगट मोकळं लागतंच, कारण उपग्रह गिरक्या खात असतो. त्याच्या लाटा कधी उभ्या येतात, कधी आडव्या. आवाज बुडायला लागला की अँटेना त्याच दिशेला ठेवून नुसती पाव वळण फिरवायची, कुलपात किल्ली फिरवावी तशी. आवाज वर येतो. ज्या अँटेनेला हे वळण द्यायला दोन हात लागतात, ती टेकडीवर निरुपयोगी. ज्यांना फिरवायचंच नाही ते गच्चीवर अंड्याच्या रवीसारख्या दिसणाऱ्या अँटेना लावतात. चांगल्या असतात, पण त्यासाठी सोसायटी चांगली लागते.

केबल एका मीटरच्या आत ठेवा. बारीक केबल 15 मीटर वापरली तर या बँडवर वरून आलेला निम्म्याहून जास्त आवाज केबलच गिळते. हँडसेटच्या डोक्यावर जाड कनेक्टर लोंबकळत ठेवू नका. माझ्या पहिल्या सेटचं सॉकेट असंच सैल झालं आणि महिनाभर मी अँटेनेला दोष देत होते.

एक गोम आहे, ती कळायला मला वर्ष लागलं. आपण बोलतो 145.850 वर, ऐकतो 436.795 वर, हा एसओ-50 चा हिशोब. आता 145.850 ला तीननं गुणा : 437.550. म्हणजे आपल्याच बोलण्याचा तिसरा पडसाद ऐकण्याच्या जागेच्या अगदी शेजारी येऊन पडतो. एकाच वेळी बोलायचं आणि स्वतःचा परत आलेला आवाज ऐकायचा, तर ऐकणारा सेट बधिर होतो. म्हणून दोन अँटेनांच्या केबली वेगळ्या आणि सेटही दोन, हे मला बरं पडतं. एकाच केबलवर दोन्ही बँड चालवायचे तर मध्ये गाळणी लागते, डिप्लेक्सर म्हणतात, तो चांगल्यापैकी घ्यावा.

उपग्रह जवळ येताना त्याचा आवाज वरच्या फ्रिक्वेन्सीवर येतो, लांब जाताना खालच्या. लोकलची शिट्टी जाते तसं. स्थानकाचा बोलका रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा खाली पाठवणारं यंत्र, 437.800 वर उतरतो, तर मी सुरुवातीला 437.810 लावते आणि पास संपेपर्यंत पाच-पाच किलोहर्ट्झनं 437.790 पर्यंत उतरते. वर बोलायची जागा 145.990, बरोबर 67 हर्ट्झचा टोन, म्हणजे बोलण्याखाली सतत चालणारा बारीक सूर. टोन विसरलात तर तुम्ही कितीही ओरडा, वरचं यंत्र दार उघडत नाही.

जागेबद्दल. लोक म्हणतात, सिंहगडावर जा, उंच आहे. मी गेले होते. पिठलं-भाकरी छान झाली. पण तिथे दूरदर्शनचा मनोरा आहे आणि स्वस्त हँडसेट अशा मनोऱ्याच्या शेजारी गोंधळून जातात. उपग्रह मुळातच एवढ्या उंचीवर आहे की आपण आणखी थोडं वर चढून काही साधत नाही, आकाश मोकळं हवं. तळजाईचं पठार त्यासाठी पुरतं. फक्त इंडोनेशियाचा आयओ-86, जो 2015 मध्ये आपल्याच पीएसएलव्हीवरून गेला, तो विषुववृत्ताला धरून फिरतो आणि पुण्याहून कायम दक्षिणेला खाली, फार तर अठरा अंशांवर दिसतो. त्याच्यासाठी दक्षिणेला डोंगर नसलेली जागा शोधावी लागते. पावसाळ्यात ओल्या झाडांतून 70 सेंटिमीटरचा आवाज बराच दबतो, तेव्हा झाडाखाली उभं राहायचं नाही.

पहिल्यांदा ही पिवळी मोजपट्टीची अँटेना घेऊन तळजाईवर गेले, तर फिरायला आलेल्या पाच-सहा जणांनी मला घेरलं. "बाई, मोजणी कसली चालली आहे? कुठल्या बिल्डरकडून आलात?" एका काकांनी फोटोही काढला. मी सांगते आहे की उपग्रह आहे, सौदीचा आहे, आणि त्यांचा चेहरा आणखीच कडक होतो आहे. शेवटी इअरफोन काढून स्पीकर लावला. कोणीतरी आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखनाव, म्हणत होतं, आवाज वर-खाली होत होता, मी मनगट फिरवलं आणि तो स्वच्छ झाला. काकांनी विचारलं, "हा माणूस कुठून बोलतोय?" मी म्हटलं, तो कुठेही असेल, आवाज मात्र वरून येतो आहे. ते सगळे वर बघायला लागले. ढगच होते. आता तेच काका माझ्यासाठी बाकावर जागा धरतात आणि टेकडीवर कोणी खरंच मोजायला आलं तर मला फोन करतात.

आता मुद्द्याचं. संपादक महोदय, जून ते सप्टेंबर आपली ती चौकट वाया जाते. ढग असले की स्थानक दिसत नाही. दिवसा तर एरवीही दिसत नाही, दिसायला तिन्हीसांजेचा किंवा पहाटेचाच मुहूर्त लागतो. रेडिओला ढग आड येत नाहीत आणि दिवस-रात्र सारखी. दिवसातून चार-पाच पास तरी पुण्याला मिळतात. 2025 च्या जुलैत शुभांशू शुक्ला यांनी स्थानकावरून हॅम रेडिओवर शाळेच्या मुलांशी गप्पा मारल्या, तो महिनाही पावसाचाच होता. तेव्हा चौकटीत एक ओळ वाढवावी : ऐकण्यासाठी 145.800. आणि डिशबद्दलचं ते वाक्य काढावं. बोलायचं असेल तर केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, तो बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही मिळतो, हेही छापलंत तर उत्तम.

आमच्या विंगमधल्या मुलाला तेरावं लागलं आहे. परवाच्या रविवारी तो त्याच्या बाबांची टेप घेऊन आला होता, 5 मीटरची. मी त्याला म्हटलं, आधी बाबांना विचारून ये. तो अजून आलेला नाही.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे

ता. क. : कृपया माझं नाव छापू नये. पुढच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा आहे आणि गच्चीचा अर्ज मी पुन्हा दिला आहे.